डोळा गेला, खुंट राहिला

आमच्या गॅलरीत सध्या चार कुंड्या आहेत. चारही झाडांना घरात ‘कॅक्टस’ म्हणतात, आणि त्यांतील एकाचेही नाव आम्हांस अगदी अलीकडेपर्यंत खात्रीने सांगता येत नव्हते. मराठीच्या अध्यापनात हयात घालविलेल्या माणसास ही कबुली देताना थोडी लाज वाटते. शब्द आणि वस्तू यांच्या नात्यावर आम्ही वर्गात तासचे तास बोललो आहोत. गॅलरीत मात्र शब्द होता, वस्तूही होती, आणि दोघांची गाठ काही पडत नव्हती.

निमित्त झाले ताईच्या फोनचे. आईला जाऊन सहा वर्षे झाली त्या आठवड्यात तिने नाशिकहून विचारले, “आईच्या त्या लाल कॅक्टसचं एक पिल्लू मला काढून ठेवशील का?” आम्ही हो म्हटले आणि कुंडीपाशी गेलो. कुंडीत लाल असे काहीच नव्हते.

लाल होते ते आईने आणले तेव्हा. पुण्यात रस्त्याकडेच्या एका रोपवाटिकेतून तिने ते निवडून घेतले होते: बोटभर जाडीची हिरवी दांडी आणि तिच्या डोक्यावर लिंबाएवढा लालभडक गोळा. घरात काटेरी झाड ठेवू नये, असे शेजारच्या काकूंनी बजावले तेव्हा आई म्हणाली होती, “हा काट्याचा नाही हो, कुंकवाचा आहे.” आई गेली, आणि पुढच्याच पावसाळ्यात तो गोळा मऊ पडला. एके सकाळी हात लावताच तो हातात आला. हिरवी दांडी तेवढी उरली. ती उपटून टाकण्याचे आमच्याकडून राहून गेले. त्यात भक्ती कमी आणि आळस अधिक होता. ताईला हे आम्ही कळविले नव्हते.

दांडीने त्यानंतर जे आरंभिले ते आम्हांस विपरीत वाटत आले आहे. डोके गेलेले झाड खरे तर खंगावे. हिच्या बगलेतून कोंब फुटले, त्यांना तीन धारा आल्या, आणि ते हात-हातभर लांब होत खिडकीच्या गजांना बिलगले. मग त्यांच्या अंगातून हवेतच मुळ्या निघाल्या आणि भिंतीचा रंग चाचपू लागल्या. आज ते छताला टेकले आहे. आईच्या गोळ्याशी या प्राण्याचे काही एक साम्य नाही.

शेवटी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकविणाऱ्या आमच्या एका जुन्या सहकाऱ्यांस चहाला बोलाविले. सर आले, चारही कुंड्या पाहिल्या, आणि त्यांनी प्रथम एक टाचणी मागितली.

आमची समजूत अशी होती की आईचे झाड आणि दुसऱ्या कुंडीतले, आम्ही गावाकडच्या कुंपणावरून तोडून आणलेले झाड ही भावंडे असावीत. दोन्ही तीन धारांची, दोन्ही काटेरी. सरांनी कुंपणवाल्यास टाचणी टोचली. पांढरा चीक भळभळला. “डोळ्यांपासून दूर ठेवा,” ते म्हणाले, “हा कॅक्टस नव्हेच. हा आपला त्रिधारी निवडुंग, युफोर्बिया. शेराचा भाऊ.” मग त्यांनी आईच्या झाडास टोचले, पाण्यासारखा थेंब आला. कॅक्टसमध्येही चीक असणारे काही आहेत, म्हणून नुसत्या चिकावर विसंबू नये, असे सांगून त्यांनी काट्यांकडे पाहावयास लाविले. कुंपणवाल्याचे काटे जोडीजोडीने निघालेले. आईच्या झाडाचे मात्र काटे जेथून निघतात तेथे लोकरीची इवलीशी गादी. ती गादी हीच कॅक्टस-कुळाची खूण. बाकी धारा, काटे आणि मांसलपणा ही कोरड्या रानात राहण्याची रीत आहे. दोन निरनिराळ्या खंडांवरच्या दोन निरनिराळ्या कुळांनी ती आपापली शोधून काढली.

येथे आमच्यातला मास्तर जागा झाला. कॅक्टस-कुळ, एखाददुसरा अपवाद वगळता, मूळचे अमेरिकेचे. युरोपीय जहाजांनी आणण्यापूर्वी ते आपल्याकडे नव्हते. म्हणजे जुन्या मजकुरातला निवडुंग हा चिकाचा निवडुंग, संस्कृतातली स्नुही, आपला थोर. विद्यार्थी डोळ्यांपुढे आणतात तो फड्या निवडुंग नंतरचा पाहुणा; नागाच्या फड्यासारख्या पानांवरून त्याला विशेषण मिळाले आणि नाम आयते मिळाले. पुण्यात नाना पेठेत तुकोबांची पालखी जेथे उतरते त्या निवडुंग्या विठोबाची मूर्ती निवडुंगाच्या जाळीत सापडली, असे सांगतात. ती जाळी कोणत्या निवडुंगाची, हा प्रश्न इतकी वर्षे आम्हांस पडला नव्हता, याचे आता नवल वाटते.

ओळख चुकण्यात आम्ही एकटे नाही, एवढाच दिलासा. १७९५ साली ब्राझीलहून हिंदुस्थानात किडे आणले गेले ते उत्तम लाल रंग देणारे म्हणून. निघाले ते त्यांचे हलके भाईबंद. रंग बेताचाच मिळाला. पण एका जातीचा फड्या निवडुंग त्यांनी फस्त करून टाकला. दुसरी जात या किड्यांना दाद देईना. तिच्यासाठी दक्षिणेत निराळा किडा आणावा लागला, तो १९२६ साली.

तिसऱ्या कुंडीचा निकाल चटकन लागला. मूळचा चेंडूसारखा असलेला आमचा हा कॅक्टस दोन वर्षांत बाटलीच्या आकाराचा झाला होता आणि आम्ही त्यास दुर्मीळ जात समजत होतो. सर म्हणाले, “उजेड कमी पडला. पुढच्या इमारतीचं काम केव्हा सुरू झालं?” आम्ही हिशेब केला, जुळला. आता उन्हात ठेवले तरी ती बारीक मान पुन्हा भरत नाही म्हणे. वरचा नवा भाग तेवढा जाड होईल.

चौथे काकूंनी दिलेले ‘ब्रह्मकमळ’. पान खोचले की रुजते आणि रात्री फुलते, ते. खरे ब्रह्मकमळ हिमालयातले, उत्तराखंडचे राज्यपुष्प. हे मेक्सिकोकडचे, आणि ज्यास आपण पान म्हणतो ते त्याचे चपटे खोड. काकू दरवर्षी फुलापुढे निरांजन लावतात. त्यांना हे सांगण्याचा आमचा विचार नाही.

राहिले आईचे झाड. सरांनी ते शेवटी हाती घेतले आणि दोन शब्द वापरले, जे आंब्याच्या कलमामुळे आम्हांस ठाऊक होते: डोळा आणि खुंट. लाल गोळा हा डोळा. दक्षिण अमेरिकेतल्या एका कॅक्टसचा तो बिघडलेला अवतार. जपानी माळ्यांनी विसाव्या शतकात तो जोपासला. त्याच्यात हरितद्रव्य नाही, म्हणून तो लाल दिसतो आणि म्हणूनच स्वतःचे अन्न करू शकत नाही. त्याला कोणाच्या तरी डोक्यावर बसवावेच लागते, आणि बहुधा तो काही वर्षांचाच सोबती असतो. ज्याच्या डोक्यावर बसविला तो खुंट म्हणजे ड्रॅगन फ्रूटचा वेल. सांगली-सोलापुराकडे खांबांवर चढविलेला दिसतो, तोच. वेलाने वेलासारखे वागावे यात विपरीत काय?

नावाच्या बाबतीत हा वेलही आमच्याइतकाच डळमळीत निघाला. शास्त्रज्ञ त्याला हायलोसेरिअस म्हणत. २०१७ साली त्यांनी त्याला सेलेनिसेरिअसमध्ये नेऊन बसविले. २०२१ साली गुजरात सरकारने त्याच्या फळाला ‘कमलम’ असे नाव दिले. गॅलरीत दोन कमळे निघाली आणि दोन्ही कॅक्टस!

सर गेल्यावर आम्ही बराच वेळ कुंडीपाशी बसून होतो. आईने जे आणले, ज्याला ती कुंकवाचे म्हणाली, ते सहा वर्षांपूर्वी आमच्या हातात गळून पडले होते. त्यानंतर आम्ही पाणी घातले ते दुसऱ्याच कोणाला. पण आईने कुंडीत पाणी ओतले तेही खुंटाच्याच मुळांना. गोळ्याला मुळे कधी नव्हतीच. तिचे झाड कोणते म्हणावे? गोळ्याकडे आम्ही सगळेच पाहत होतो. दांडी कशी दिसते हे आईलाही सांगता आले असते की नाही, कोण जाणे.

ताईला फोन करून सगळे सांगितले. गोळा केव्हा गेला तेही. ती काही वेळ गप्प होती. मग म्हणाली, “तेव्हाच का नाही सांगितलंस?” याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. थोड्या वेळाने तिनेच विचारले, “कुंडी आईचीच आहे ना अजून? मग दे त्यातलंच.”

वीतभर तुकडा कापला, जखम सुकावी म्हणून आठवडाभर सावलीत ठेवला आणि वर्तमानपत्रात गुंडाळून नाशिकला जाणाऱ्या भाच्याच्या हाती दिला. जाताना त्याने विचारले, “मामा, हे नक्की काय आहे? आईनं विचारलं तर काय सांगू?” आम्ही म्हटले, तिला ठाऊक आहे, तू फक्त उलटे लावू नकोस, टोके वरच्या बाजूस.