विषाची सनद

वारसा म्हटला की तो बापाकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे असा एका सरणीनेच उतरावयाचा, आणि परक्याने त्यावर हक्क सांगितला तर तंटा उभा राहावयाचा, ही आपली रूढ समजूत जिवाणूंच्या सृष्टीत मुळीच चालत नाही.

१९२५ साली आंद्रे ग्रासिया या बेल्जियन शास्त्रज्ञाला, आपल्या आतड्यांत वस्ती करून असणाऱ्या एशेरिकिया कोलाय या जिवाणूचा एक वाण विष सोडून आपल्याच जातभाईंचा संहार करताना आढळला. त्या विषाला पुढे कोलिसिन हे नाव मिळाले. १९५० नंतरच्या दशकात त्यांचे शिष्य पिएर फ्रेदेरिक यांनी, सविष व निर्विष वाण एकत्र वाढविले असता ही मारक विद्या निर्विषाच्याही अंगी येते, असे दाखवून दिले. याचे कारण असे की, या विद्येची सनद मुख्य गुणसूत्राच्या दप्तरात नसून प्लास्मिड नावाच्या, डीएनएच्या एका अलाहिदा कड्यावर लिहिलेली असते. दोन पेशी संलग्न झाल्या की त्या कड्याचा एकच धागा पलीकडे जातो व दोन्हीकडे त्याचा जोडीदार नव्याने विणला जातो. त्यामुळे देणाऱ्याच्या पदरचे काहीच जात नाही. अशांपैकी कोल-ई-१ हे जेमतेम ६,६०० अक्षरजोड्यांचे प्लास्मिड तर इतके निष्कांचन, की प्रवासाचा सरंजामही ते दुसऱ्या प्लास्मिडाकडून उसना घेते.

याला औदार्य म्हणावे, तर पुढचा मजकूर आड येतो. विषाच्या जनुकाशेजारीच त्या विषाच्या उताऱ्याचे जनुक असते. म्हणून जो वंशज हे कडे गमावतो तो उताऱ्यालाही मुकतो, आणि भावंडांच्याच विषाने मरतो. एकदा स्वीकारलेली ही सनद परत करण्याची सोयच नाही! शिवाय कोलिसिन बाहेर पडते ते बहुधा पेशी फुटूनच. डीएनएला इजा झाली की समूहातील थोड्या पेशी विष निर्माण करून स्वतः नष्ट होतात, आणि रिकाम्या झालेल्या जागेवर उतारा बाळगणारे त्यांचे सगेसोयरे पसरतात. तेव्हा या दौलतीचा खरा धनी जिवाणू नव्हे, ते कडेच होय, असे माझे मत आहे; दातृत्व, वैर, हौतात्म्य हे आपले शब्द तेथे उगीच खर्ची पडतात.

मनुष्याने मात्र त्यातले हवे तेवढेच उचलले. १९७८ साली याच जिवाणूकडून मानवी इन्सुलिन प्रथम करवून घेतले गेले, तेव्हा वापरलेले पीबीआर-३२२ हे प्लास्मिड कोल-ई-१ च्या एका निकटच्या आप्ताची नक्कल करण्याची यंत्रणा घेऊन घडविलेले होते. कोलिसिनचे जनुक त्यात नव्हते.