यादीतलं माझं नाव

ऑगस्ट 2019 मध्ये वेदगंगेला पूर आला तेव्हा मी बेंगळूरला, शिवाजीनगरातल्या घरी होतो. यमगर्णीजवळ महामार्गावर पाणी चढून वाहतूक बंद पडल्याचं टीव्हीवर पाहिलं. निपाणीजवळच्या आमच्या गावात नदीकाठी माझी हेक्टरभर कोरडवाहू जमीन आहे. त्यातलं सोयाबीन पाण्याखाली कुजलं.

पेरलं होतं माझ्या वाटेकऱ्यानं. बी, खत, भांगलण सगळं त्याचं, पीक निम्मं-निम्मं. अकरा वर्षं असंच चाललं होतं आणि कागदावर एक अक्षर नव्हतं. कर्नाटकात 1974 च्या दुरुस्तीपासून शेतजमीन खंडानं द्यायला कायद्यानं बंदी आहे. उताऱ्यावर कुळाचं नाव लागलं की जमीन गेली, ही वडिलांची भीती मी जशीच्या तशी उचलली होती. त्याचं नाव कुठंही येऊ नये याची मी काळजीच घेत आलो.

नुकसानभरपाई उताऱ्यावर चालते. नुकसानीची नोंद ‘परिहार’ प्रणालीत भरली जाते आणि पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात थेट जमा होतात. त्या वर्षी कोरडवाहू पिकाला निकषाप्रमाणे हेक्टरी 6,800 रुपये होते, राज्य सरकारनं वर 10,000 दिले. रसेल मार्केटजवळ रस्त्याच्या कडेला उभं राहून मी पासबुकातल्या त्या नोंदी वाचल्या. मला आनंद झाला. हे लिहिताना आजही जड जातं.

त्याच आठवड्यात वाटेकऱ्याचा फोन आला. गावची यादी कुणालाही पाहता येते. त्याच्या मुलानं ती मोबाईलवर उघडली होती.

“दादा, यादीत तुमचं नाव दिसतंय. माझं कुठं बघायचं?”

“अरे, उतारा माझ्या नावावर आहे. पैसे माझ्याच खात्यात येणार.”

“बरं,” तो म्हणाला. पण फोन ठेवला नाही. मीही गप्प राहिलो. ‘पैसे तुझेच आहेत, पाठवतो’ एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही.

मी आयुष्यभर हिशेबखात्यात नोकरी केली. यादी उघडी ठेवली की पैसा खऱ्या माणसापर्यंत पोचतो, असं मी चारचौघांत ठासून सांगत असे. या यादीत सर्व्हे नंबर बरोबर होता, क्षेत्र बरोबर होतं, रक्कमही बरोबर होती. ज्याचं पीक बुडालं तो माणूस तेवढा नव्हता, आणि त्याला बाहेर ठेवणारा मी होतो.

संक्रांतीला गावी गेलो. त्याच्या गोठ्यातला खुंटा रिकामा होता, दावं गुंडाळून आढ्याला अडकवलेलं. बी-खताची उधारी फेडायला दिवाळीआधीच दुभती म्हैस विकली होती. मी आलेली सगळी रक्कम त्याच्या हातात ठेवली. त्यानं मोजली, खिशात घातली.

“म्हैस होती तेव्हा आले असते तर बरं झालं असतं, दादा.”

पाडव्याला त्यानं माझं शेत सोडलं.

जुलै 2021 मध्ये पुन्हा पूर आला. यादीत पुन्हा माझंच नाव. पैसे जमा झाल्याचा संदेश आला त्या संध्याकाळी मीच नव्या वाटेकऱ्याला फोन लावला आणि रक्कम त्याच्या खात्यावर पाठवली. जुन्याला मी पैसे दिले होते; चुकलो, असं अजून म्हटलेलं नाही.