कैगाचा घुमट

सौभाग्यवतींचे माहेर कारवारचे. त्यामुळे कैगा हे नाव आमच्या बेळगावच्या घरी वर्तमानपत्रापुरते कधीच नव्हते. काळी नदीकाठच्या अरण्यात अणुवीज केंद्र होणार, या वार्तेने तिकडचे सगेसोयरे धास्तावले होते. ज्ञानपीठविजेते शिवराम कारंत 1989 साली याच प्रश्नावर लोकसभेस उभे राहिले आणि पराभूत झाले. आमच्या घरातले बहुमत मात्र विजेच्या बाजूचे. त्यात माझेही मत धरावे.

तरीही अणुऊर्जा सुरक्षित आहे का, असे कोणी विचारले की मला चेर्नोबिलच्या आधी 13 मे 1994 हा दिवस आठवतो. कैगाच्या पहिल्या अणुभट्टीचे बांधकाम चालू असताना आतील घुमटाचा खालचा थर सुटला आणि टनावारी काँक्रीट खाली आले. अपघात झालाच, तर किरणोत्सार कोंडून ठेवायचा तो हाच घुमट! इंधन अद्याप भरले नव्हते, एवढेच दैव. पुढे आराखडा बदलून घुमट नव्याने बांधला गेला आणि 2000 साली भट्टी व्यावसायिक तत्त्वावर वीज देऊ लागली. योगायोग असा, की हीच भट्टी 13 मे 2016 पासून 2018 अखेरपर्यंत सलग 962 दिवस चालली. तो तेव्हाचा जागतिक विक्रम. पुढे कॅनडातील डार्लिंग्टनने तो मोडला.

नोव्हेंबर 2009 मधली गोष्ट निराळी. कर्मचाऱ्यांच्या पिण्याच्या पाण्यात ट्रिटियम मिसळलेले आढळले. कृत्य आतल्याच कोणाचे, असे अधिकाऱ्यांनी सांगितले. यावर काँक्रीटची जाडी काय करणार? प्रकार उघडकीस आला तो कर्मचाऱ्यांच्या लघवीच्या नेहमीच्या, कंटाळवाण्या तपासणीतून.

या कंटाळवाण्या तपासणीवर माझी श्रद्धा आहे. राज्य शासनाच्या सेवेत असताना, ज्याने काम केले त्यानेच मोजमापवहीत तपासणीची सही करावी, हे मी कधी चालू दिले नाही. घुमट कोसळला तेव्हा मात्र अणुऊर्जा नियामक मंडळ अणुऊर्जा आयोगालाच उत्तरदायी होते; म्हणजे भट्ट्या उभारणारे आणि तपासणारे एकाच छत्राखाली. मंडळाचे तत्कालीन अध्यक्ष ए. गोपालकृष्णन यांनी पदावरून उतरल्यावर हे उघडपणे मांडले. निवृत्तीनंतर का होईना, बोलणारा अधिकारी विरळाच!

आता कैगास 700 मेगावॅटच्या आणखी दोन भट्ट्यांचे काम निघाले आहे. त्यांच्या घुमटांचे तपासणी अहवाल कारवारच्या ग्रंथालयात, तिथल्या माणसांना वाचता येईल अशा भाषेत ठेवावेत, असे विनंतीपत्र मी लिहीत आहे.