माणशी पाव किलो

मटणाचा अंदाज हे शास्त्र की कला, असे कोणी विचारलेच, तर ती मुळात खानेसुमारी आहे असे आम्ही सांगू. किती किलो आणावे हे कोणीही सांगेल. बोलावलेल्यांपैकी खाणारे किती, हे सांगताना भल्याभल्यांची भंबेरी उडते.

होळकरांच्या सैन्याबरोबर दख्खनेतून माळव्यात उतरलेल्या आमच्यासारख्या घराण्यांत तर हा प्रश्न अधिकच बिकट. शेजार जैनांचा, स्नेह वैष्णवांशी, आणि खुद्द घरात कोणाचा सोमवार, कोणाचा गुरुवार, कोणाचा चातुर्मास. लग्नानंतर गोंधळ घालायचा, देवीच्या नावाने बोकड पडायचे आणि साठ पानांची तयारी करावी तर प्रत्यक्षात खाणारे चाळीसच निघायचे. त्यातही पानावर बसल्यावर "आज गुरुवार आहे, नुसता रस्सा चालेल" असे म्हणणारे दोघे-तिघे असतच. या रस्सेवाल्या उपासकांना कोणत्या रकान्यात घालावे, हे आयुष्यभर अंदाजपत्रके तपासूनही आम्हांस उमगलेले नाही.

हिशेब तसा सरळ आहे. हाडासकट मटण माणशी पाव किलो. जुनी माणसे पाव शेर म्हणत. ऐंशी तोळ्यांचा शेर म्हणजे ९३३ ग्रॅम, तेव्हा पाव शेर झाला २३३ ग्रॅम. १९५६ च्या कायद्यानंतर हळूहळू शेर जाऊन किलो आला, तेव्हा दर पाहुण्यामागे सतरा ग्रॅम आपोआप वाढले. साठ पानांना किलोभर मटण सरकारी कृपेने जास्त! पाव किलोतला सुमारे चौथा हिस्सा हाडांचा. उरलेल्या मांसातले पाणी शिजताना निघून जाते आणि तेही चौथ्या-तिसऱ्या हिश्शाने आटते. पानात पडते ते सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. पंचवीस किलोच्या जिवंत बोकडाचे साडेअकरा-बारा किलो मटण हाती येते, म्हणजे पंचेचाळीस माणसांची सोय. मुंडी, खूर, वजडी यांचा हिशेब वेगळा, आणि कलेजी तर चुलीपाशी घुटमळणारी पोरेच संपवतात.

आमच्या माळव्यातल्याच सैलान्याचे महाराज दिग्विजयसिंह यांचे पाककृतींचे इंग्रजी पुस्तक १९८२ साली निघाले. खाण्याची आवड असणाऱ्याने ते जरूर चाळावे. त्यात मटणाचे वजन मिळते, मसाल्याचे मिळते. ऐनवेळी येणाऱ्या माणसांचे मात्र कोणत्याच पुस्तकात मिळायचे नाही.

पण खरी गोम निराळीच आहे. आधी पुरुषांची पंगत, मग मुलांची, आणि शेवटी बायकांची, अशी रीत होती. माणशी पाव शेर हे प्रमाण पहिल्या पंगतीला कधीच बांधलेले नसे. आग्रह चाले, वाढपी दोनदा फिरे आणि मागच्या पंगतीला रस्सा नि हाडे उरत. शिवाय पाणी भरणारी बाई, मसाला वाटणाऱ्या दोघी, भांडी घासणारी, ही माणसे मोजणीत धरलेलीच नसत. आमच्या थोरल्या काकूंची मोजणी नेमकी इथून सुरू होई. पहिले पान मांडण्यापूर्वी त्या एक पातेले भरून, झाकण घालून कोठीत ठेवीत.

१९७२ च्या उन्हाळ्यात थोरल्या घरच्या एका लग्नानंतर गोंधळाचे जेवण होते. मटण संपत आले आणि वाढपी कोठीत शिरला, तेव्हा दार उघडे राहिले. पानावरून व्याही म्हणाले, "विहीणबाई, आत अजून पातेले दिसते आहे!" घरातला आवाज एकदम थांबला. व्याह्यांना नाही म्हणायची आमच्याकडे रीत नव्हती. काकूंनी पदर सावरला आणि दाराआडून शांतपणे म्हणाल्या, "आहे व्याहीबुवा, पण ते उरलेले नाही, ठेवलेले आहे."

व्याह्यांनी मुकाट्याने रस्सा-भात कालवला. काका मात्र त्यानंतर दोन दिवस काकूंशी बोलले नाहीत. पुढच्या गोंधळाला खाटकाकडे सांगावा धाडताना मात्र त्यांनी स्वतःच अडीच किलो वाढवून सांगितले. कारण कोणी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही.

आता पंगती गेल्या, बुफे आले. बायका-पुरुष एकाच रांगेत उभे राहतात. तरी रांगेतल्या पहिल्या वीसांच्या ताटांत फोडी रचलेल्या आणि शेवटच्यांना कालवणाचा तळ, हे काही बदललेले नाही. गेल्या हिवाळ्यात घरी कार्य होते. केटररने ताटांचा आकडा विचारला, आम्ही तो दिला, आणि वाढणारी नि भांडी आवरणारी मुले किती असतील, असे उलट विचारले. तो म्हणाला, "साहेब, त्यांचे ते बघून घेतात." आम्ही आकडा सांगितल्याशिवाय विसार देईनात, तेव्हा त्याने बोटांवर मोजून वहीत बारा लिहिले. तीन किलो मटण वाढले.