माशा मारणारे

बी.एड. झाल्यावर नोकरी लागेपर्यंतची पाच वर्षं मी धुळ्यात घरीच होतो. सकाळी शिकवण्या, दुपारी अर्ज. मुलगा काय करतो असं कोणी विचारलं की अब्बा सांगायचे, ‘मक्खियाँ मार रहा है.’ मराठीतही माशा मारणं म्हणजे तेच. शिकवतो दोन भाषा, पण हा टोमणा मला दोन्हींकडून मिळाला आणि मास्तर झाल्यावर मीही तो पोरांना मारू लागलो.

मागच्या हिवाळ्यात मुलांना पाटणादेवीला नेलं. चाळीसगावजवळचं हे रान गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात येतं. वर्गात शेवटच्या बाकावरून खिडकीबाहेर बघणारा एक मुलगा ओढ्याकाठी मागे राहिला. ‘इथंही माशाच मारतोस का रे?’ मी ओरडलो. त्याने तोंडावर बोट ठेवलं.

सावलीत, खालच्या फांदीवर चिमणीएवढा निळा पक्षी ताठ बसला होता. गळा नि छाती नारिंगी, पोट पांढरं. एकदम झेप घेतली, हवेतच किडा पकडला आणि परत फांदीवर. पुन्हा तसाच गप्प. पुस्तकात नाव सापडलं: टिकेलचा निळा माशीमार. मी मोठ्याने वाचलं आणि पोरं माझ्याकडे बघून खो-खो हसली.

याच्या कुळाला शास्त्रज्ञ ‘सायोर्निस’ म्हणतात, ग्रीकमध्ये निळा पक्षी. एडवर्ड ब्लिथने १८४३ मध्ये या पक्ष्याला शास्त्रीय नाव दिलं. भारतापासून आग्नेय आशियापर्यंत या कुळातली भावंडं पसरलीत, आणि अनेकांचे नर वरून निळे, खाली नारिंगी. त्याच पानावर निळ्या गळ्याचा माशीमार होता. मला दोन्ही एकच वाटले, म्हणालोही तसं.

‘सर, गला देखो,’ तो मुलगा म्हणाला.

खरंच. आमच्या पक्ष्याचं नारिंगी थेट हनुवटीखालून सुरू होत होतं. दुसऱ्याचा गळा निळा, मधे फक्त नारिंगी टोक वर घुसलेलं. सह्याद्रीत आणखी एक आहे, पांढऱ्या पोटाचा. त्याचाही गळा निळाच. एवढ्याशा जागेवर सगळी ओळख! ती दिसायची तर अर्धा तास बसून राहावं लागतं, आणि तो बसला होता.

परतताना धुळ्याच्या गाडीत मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. सकाळच्या ओरडण्याबद्दल काही बोलायचं होतं, जमलं नाही. त्यानेच विचारलं, ‘सर, मादी कैसे पहचानते?’ ती फिकट असते, एवढंच मला ठाऊक होतं. पुस्तक त्याच्या हातात दिलं. ते अजून परत आलेलं नाही. मी मागितलेलंही नाही.