घरात तीन फेणे!

मुलांनो, सिनेमा सुटल्यावर “छे बुवा, पुस्तकच चांगलं होतं!” असं म्हणत बाहेर पडणारी माणसं तुम्ही नक्की पाहिली असतील. कदाचित तुमचे आईबाबाच त्यांच्यात असतील. अशी माणसं बाहेर आली की चेहरा असा करतात, जणू कुणी त्यांच्या घरातलं सामान इकडचं तिकडे करून ठेवलंय! मीसुद्धा त्यांतलीच एक. म्हणूनच आज तुम्हांला फास्टर फेणेची गोष्ट सांगते. म्हणजे त्याची नव्हे, आमच्या घरातल्या त्याच्या भांडणाची!

फास्टर फेणे कोण, हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक असेल. ज्यांना नसेल त्यांच्यासाठी सांगते. बनेश फेणे हा पुण्याजवळच्या फुरसुंगीचा मुलगा. किडकिडीत, पण भलताच चपळ. पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकतो, सायकल वाऱ्यासारखी पळवतो आणि काही सुचलं की जिभेनं ‘टॉक्’ असा आवाज काढतो. संकट दिसलं की बाकीचे लोक दोन पावलं मागे सरतात, हा मात्र पुढे जातो. कधी काश्मीरला, कधी प्रतापगडावर, तर कधी थेट चक्रीवादळात!

त्याला जन्म दिला भा. रा. भागवत यांनी. भा. रा. १९१० साली जन्मले आणि २००१ साली गेले. एवढ्या मोठ्या आयुष्यातला केवढा तरी काळ त्यांनी फक्त मुलांसाठी लिहिण्यात घालवला. ‘बालमित्र’ नावाचं मासिक चालवलं, ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाच्या अद्भुत कथा मराठीत आणल्या, आणि पुस्तकांवर जीव टाकणारा ‘बिपीन बुकलवार’ही लिहिला.

मी फेणेला भेटले ती बोरिवलीत, उन्हाळ्याच्या सुट्टीत. आमच्या चाळीजवळ एक छोटंसं वाचनालय होतं. एका वेळी एकच पुस्तक मिळायचं. मी सकाळी घेतलेलं पुस्तक संध्याकाळी परत करायला जायची, तेव्हा तिथले काका संशयानं विचारायचे, “वाचलंस का गं खरंच?” त्या काळी तासावर भाड्यानं सायकल मिळायची. आमच्या चाळीतला एक मुलगा अर्ध्या तासाचे पैसे भरून सायकल घ्यायचा आणि त्या अर्ध्या तासात अख्खं बोरिवली फिरून यायचा. झालं! माझ्या मनातल्या फेणेला त्याचाच चेहरा चिकटला. तेच विस्कटलेले केस, तेच खरचटलेले गुडघे.

गंमत म्हणजे आमच्या ताईचा फेणे अगदी वेगळा होता. ती माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. १९८०च्या दशकात दूरदर्शनवर फास्टर फेणेची मालिका लागायची, आणि त्यात सुमीत राघवन हा तेव्हाचा छोटा नट फेणे झाला होता. ताईच्या डोक्यात तोच पक्का बसलेला. आम्ही दोघी यावरून भांडायचो. “फेणे असा नव्हताच!” “तुला काय माहीत? तू तेव्हा पाळण्यात होतीस!”

मग आलं २०१७ साल. ‘फास्टर फेणे’ नावाचा मराठी चित्रपट येणार अशी बातमी आली. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार, आणि फेणे झाला होता अमेय वाघ. मी बातमी वाचली आणि माझ्या कपाळाला आठ्या पडल्या. अहो, हा तर चांगला मिसरूड फुटलेला तरुण! माझा फेणे तर शाळेत होता!

२७ ऑक्टोबरला चित्रपट लागला तेव्हा दिवाळीची सुट्टी चालू होती. ताईचा मुलगा तेव्हा तिसरीत होता. घाटकोपरला राहायचा आणि इंग्रजी शाळेत जायचा. मराठी बोलायचा अगदी फाडफाड, पण वाचायचं म्हटलं की जोडाक्षरापाशी गाडी थांबायची. त्यालाच सोबत घ्यायचं ठरवलं. बोरिवलीहून लोकलनं अंधेरी आणि तिथून मेट्रोनं घाटकोपर गाठलं. ही मेट्रो २०१४ साली सुरू झाली, त्याआधी पश्चिमेकडून घाटकोपरला जायचं म्हणजे दादरला वळसा, नाहीतर बसमध्ये घामाची आंघोळ!

चित्रपट सुरू झाला. पहिला अर्धा तास मी काय केलं असेल? फक्त हिशेब! विद्याभवन कुठंय? वसतिगृह कुठंय? बनेशचे शाळेतले दोस्त कुठं गेले? शेजारी भाचा मात्र खुर्चीच्या टोकावर येऊन बसला होता.

चित्रपटातला बनेश फेणे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्याला येतो. तिथं भेटलेल्या एका मुलाचा मृत्यू होतो. सगळे जण त्या मृत्यूचं जे कारण सांगतात, ते बनेशला काही पटत नाही. तो शोध घ्यायला लागतो आणि परीक्षांच्या काळ्याबाजारापर्यंत जाऊन पोचतो. गिरीश कुलकर्णींनी रंगवलेला खलनायक आप्पा इतका शांतपणे बोलतो, की त्यानंच जास्त भीती वाटते. ही गोष्ट भा. रां.च्या कुठल्याही एका पुस्तकातली नाही. ती चित्रपटासाठी नव्यानं रचलेली आहे.

पण मुलांनो, एका जागी माझा हिशेब थांबला. पडद्यावर एक म्हातारे लेखक आले, आणि ते होते भा. रा. भागवत! म्हणजे दिलीप प्रभावळकरांनी साकारलेले. ज्यांनी फेणेला कागदावर जन्म दिला, त्यांच्याच घरी फेणे राहायला आलेला! मला एकदम गलबलून आलं. चित्रपट करणाऱ्यांनी पुस्तक जसंच्या तसं उचललं नव्हतं, पण लेखकाला मात्र मानानं घरात बसवलं होतं.

आणि मग दुसरीही एक गोष्ट ध्यानात आली. भा. रां.चा फेणे चोरांच्या आणि लबाडांच्या मागे लागायचा, कारण गोष्टीतल्या मुलांच्या जगात तेव्हा तीच माणसं धोक्याची होती. चित्रपटातला फेणे अभ्यास करणाऱ्या पोरांची मेहनत विकणाऱ्यांच्या मागे लागतो. मी शिक्षिका. मुलं परीक्षेसाठी कशी झुरतात ते मी रोज पाहते. त्यामुळे हा चोर मला त्या जुन्या चोरांपेक्षा जास्त खरा वाटला. शाळा बदलली, वय बदललं, सायकलीच्या जोडीला मोबाइल आला. पण समोर काहीतरी चुकीचं घडतंय आणि आपण मुकाट्यानं पुढे निघून जावं, हे या फेणेलाही जमत नव्हतंच!

चित्रपट सुटला. घरी जाईपर्यंत भाच्याचं ‘टॉक्, टॉक्’ चालू. जिन्यात शेजारच्या आजी दचकल्या! मग त्यानं विचारलं, “मावशी, पुस्तकात पण आप्पा आहे?”

“नाही.”

“मग पुस्तकात आहे काय?”

आता याचं उत्तर काय देणार? पिशवीतून पुस्तक काढलं आणि वाचून दाखवायला लागले. गोष्ट ऐन रंगात आली, आणि माझी परतायची वेळ झाली. पुस्तक तिथंच ठेवून मी निघाले. (खरं सांगू? घड्याळ मी आधीच पाहून ठेवलं होतं!)

आठवड्यानं त्याचा फोन आला. स्वर तक्रारीचा. “मावशी, पुस्तकात चूक आहे! यातला फेणे लहान आहे. शाळेत जातो!”

मी हसायलाच लागले. मला सिनेमातला फेणे खोटा वाटत होता, त्याला पुस्तकातला! आईच्या डोक्यात मालिकेतला, माझ्या डोक्यात भाड्याच्या सायकलवरचा, आणि याच्या डोक्यात अमेय वाघ. एका घरात तीन फेणे, आणि प्रत्येकाचा म्हणणं एकच : माझाच खरा! जो आपल्याला पहिल्यांदा भेटतो, तोच आपल्याला अस्सल वाटतो. बस, इतकी साधी गोष्ट आहे.

पण पुढे तो जे बोलला, ते मी अजून विसरलेले नाही. “पण मावशी, हा माझ्याएवढाच आहे. म्हणजे हे मला पण जमेल.” सिनेमातला फेणे त्यानं खुर्चीत बसून पाहिला होता. पुस्तकातल्या फेणेबरोबर तो स्वतः निघाला होता. जोडाक्षरं अडत होती, एका पानाला पाव तास लागत होता, पण गाडी थांबली नव्हती. आज तो कॉलेजात जातो आणि मराठी पुस्तकं सरळ वाचतो. सिनेमा पाहिला नसता, तर त्यानं ते पहिलं पान उघडलं असतं का? मला नाही वाटत.

म्हणून ‘पुस्तक चांगलं की सिनेमा?’ या प्रश्नावर मी आता भांडत नाही. दोघांची कामं वेगळी आहेत. ‘श्यामची आई’चंच बघा. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यात एकूण ४२ रात्री आहेत. आचार्य अत्रे यांनी १९५३ साली त्यावर चित्रपट काढला, त्याला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. पण ४२ रात्री एका खेळात कशा मावणार? काही निवडाव्या लागतात, काही सोडाव्या लागतात. त्या चित्रपटात वनमालाबाई आई झाल्या आणि कितीतरी घरांत श्यामच्या आईला त्यांचाच चेहरा मिळाला. पुस्तक वाचताना मात्र बहुतेक पोरांना त्या जागी स्वतःचीच आई दिसते.

हे पडताळून पाहायला मी वर्गात एक खेळ घेते. फेणेचं वर्णन वाचून दाखवते आणि सांगते, “काढा चित्र!” ३८ मुलं, ३८ फेणे! कुणाचा चष्मेवाला, कुणाचा टोपीवाला, एकीनं तर दोन वेण्या घातलेली फेणे काढली. मग चित्रपटाचं पोस्टर दाखवते आणि पुन्हा चित्र काढायला लावते. बघता बघता सगळे फेणे जुळे भाऊ होतात! दोन वेण्यांची फेणेसुद्धा केस कापून येते. पहिली चित्रं मी जपून ठेवते.

आईबाबांनो, आता दोन शब्द तुमच्यासाठी. मूल सिनेमा पाहून आलं की “आमच्या वेळचं पुस्तक वाच, मग कळेल,” असं म्हणू नका. त्यानं पुस्तकाचं दार बंद होतं. त्यापेक्षा रात्री दहा मिनिटं मोठ्यानं वाचून दाखवा, आणि थांबा ते बरोबर रंगाच्या जागी. मूल इंग्रजी शाळेत असेल तर हे जास्तच करा. ते मराठी बोलतं तोवर भाषा त्याच्या कानात आहे. डोळ्यांपर्यंत ती गोष्टीच्याच बोटाला धरून जाते.

आणि मुलांनो, तुम्ही काय कराल? आवडत्या पुस्तकावर सिनेमा येणार असं कळलं, की आधी वहीच्या शेवटच्या पानावर त्यातल्या माणसांची चित्रं काढून ठेवा. हात वाकडातिकडा चालला तरी चालेल. मग खुशाल सिनेमाला जा, मनसोक्त टाळ्या वाजवा. घरी आलात की ते पान उघडा आणि तुमच्या माणसाला विचारा, “काय रे, आहेस ना अजून?”

तो ‘टॉक्’ म्हणाला, तर समजा सगळं ठीक आहे!