जागता गड

दसऱ्याचे सोने वाटून झाले, कोजागिरीचे दूध आटवून झाले, की आमचे पाय शिवशिवू लागतात. बेळगाव, खानापूर आणि निपाणी येथील आम्हां आठ-नऊ मित्रांचा हा गेल्या अनेक वर्षांचा परिपाठ आहे. बहुतेक जण शिक्षक. निपाणीचे एक गृहस्थ तंबाखूच्या व्यापारातले आणि एक निवृत्त पोस्टमास्तर. मंडळाला नाव नाही, घटना नाही, वर्गणी नाही. शरद ऋतूतील एक शनिवार-रविवार डोंगरात घालवायचा, एवढाच काय तो नियम. पावसाळा ओसरून जळवा नाहीशा झालेल्या असतात, पायवाटा वाळलेल्या असतात, आणि उन्हाला अजून उन्हाळ्याचा माज चढलेला नसतो. चालणाऱ्याला याहून चांगले दिवस वर्षात नाहीत.

यंदा पारगडावर जायचे ठरले. पाठीवरच्या पिशवीत भाकऱ्या, शेंगाचटणी आणि एक घोंगडी होती. आमच्या स्वतःच्या सदऱ्याच्या खिशात मात्र घडी घातलेला एक कागद होता, आणि त्याची वार्ता सोबत्यांपैकी कोणालाही नव्हती. तो स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज होता. बदल्यांमागून बदल्या, माहितीचे तक्ते, आणि दरवर्षी जून महिन्यात पहिलीच्या हजेरीपटावर कमी होत जाणाऱ्या ओळी यांनी आमचे मन विटून गेले होते. मराठी माध्यमाची सरकारी शाळा चालविणे म्हणजे उताराकडे निघालेल्या गाडीचा दांडा धरून उभे राहणे, असे वाटू लागले होते. सोमवारी सुटी संपून शाळा उघडली, की तो कागद वरच्या कचेरीत पाठवायचा, असे आम्ही मनाशी ठरविले होते. फक्त सही करावयाची राहिली होती.

बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याला लागले, की हिंडलगा मागे पडते आणि थोड्याच वेळात शिनोळी येते. पाट्यांची लिपी पालटते, आणि आपण कर्नाटकातून महाराष्ट्रात आलो हे तेवढ्यावरून कळते. बाकी काही पालटत नाही. तीच तांबडी माती, तेच भाताचे चौक, तेच रताळ्यांचे वेल, आणि शेजारच्या बाकावरून ऐकू येणारी तीच हेल काढून बोललेली मराठी. नव्या वाचकांपैकी पुष्कळांना ठाऊक नसेल, की आज कोल्हापूर जिल्ह्यात असलेला चंदगड तालुका १९५६ पूर्वी बेळगाव जिल्ह्यातच होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. एकटा चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला. एका जिल्ह्याच्या भाकरीचा मोडलेला तो तुकडा आहे. चंदगडच्या माणसाला जिल्ह्याच्या कामासाठी शंभर किलोमीटरांहून लांब असलेले कोल्हापूर गाठावे लागते. बाजाराला, दवाखान्याला आणि सोयरिकीला मात्र तो अजूनही बेळगावलाच येतो. सीमेचा वाद २००४ पासून सर्वोच्च न्यायालयापुढे आहे. सरकारी नोकराने त्याविषयी अधिक लिहू नये, आणि आम्हीही लिहीत नाही. पण पायांना जे कळते ते सांगण्यास कोणाची हरकत नसावी.

चंदगडला एस. टी. सोडून आम्ही वडाप धरले. हेरे गाव मागे पडल्यावर रस्ता रानात शिरतो. काजूच्या बागा विरळ होतात आणि दोन्ही अंगांनी दाट झाडी येते. या रानात गव्यांचे कळप आहेत. गेली वीसेक वर्षे कर्नाटकाच्या बाजूने हत्तीही येतात आणि उसाची, भाताची नासधूस करतात. गड दिसू लागण्याच्या बऱ्याच आधी आम्ही गाडी सोडली आणि चालू लागलो. उतारांवर सोनकीची पिवळी फुले अजून टिकून होती. तेरडा सुकत आला होता. खाचरांतून भात पिवळा पडून ओणवा झाला होता, आणि त्याचा तो किंचित ओलसर, दुधाळ वास वाऱ्याबरोबर येत होता. निपाणीचे स्नेही नेहमी बोलघेवडे. पण तेही अर्धा तास काही बोलले नाहीत.

वाटेत बसल्यावर आमचे खानापूरचे सहकारी एका जुन्या विद्यार्थ्याविषयी सांगू लागले. तो नोकरीनिमित्त स्कॉटलंडमध्ये आहे आणि तेथील एका गिरिभ्रमण मंडळाचा सभासद झाला आहे. तीही मंडळी शरदातला एक शनिवार-रविवार उत्तरेकडील डोंगराळ मुलखात, म्हणजे हायलँड्समध्ये घालवितात. तेथे तीन हजार फुटांहून उंच शिखरांना ‘मन्रो’ म्हणतात. ह्यू मन्रो नावाच्या गृहस्थाने १८९१ मध्ये त्यांची पहिली यादी छापली, म्हणून हे नाव. आजच्या यादीत अशी २८२ शिखरे आहेत, आणि ती सर्व चढून जाणे हे पुष्कळांचे आयुष्यभराचे व्रत असते. विद्यार्थ्याने पत्रात लिहिले होते, की रात्री ते एका ‘बॉथी’त मुक्कामाला राहिले. बॉथी म्हणजे डोंगरातले जुने, सोडून दिलेले दगडी घर. स्वयंसेवक त्याचे छप्पर शाकारतात. कुलूप नसते, भाडे नसते. येणाऱ्याने यावे, चूल पेटवावी, झोपावे आणि झाडून काढून जावे.

“किती सुंदर कल्पना!” असे आमच्यापैकी एकजण म्हणाले. पण पत्राचा शेवट निराळा होता. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढे शंभर वर्षे तेथील जमीनदारांनी मेंढ्यांच्या कुरणांसाठी त्या खोऱ्यांतील कुळांना घराबाहेर काढले. कोणी समुद्रकाठी गेले, कोणी जहाजात बसून कॅनडा गाठला. त्यांच्याबरोबर त्यांची गेलिक भाषाही त्या खोऱ्यांतून उठून गेली. आज चालणाऱ्याला जी निर्मनुष्य शांतता मोहविते, ती पुष्कळ ठिकाणी माणसे घालविल्यानंतरची शांतता आहे. मुलाने शेवटी एवढेच लिहिले होते : “सर, इथे डोंगरांची नावे त्या भाषेत आहेत, पण आमच्यापैकी कोणालाच ती नीट उच्चारता येत नाहीत.”

कोणी काही बोलले नाही. आम्ही नकळत खिसा चाचपला.

पारगडाच्या पायऱ्या चढू लागलो तेव्हा उन्हे कलली होती. महाराष्ट्र, कर्नाटक आणि गोवा यांच्या सरहद्दी जेथे जवळ येतात, त्या कोपऱ्यावर हा गड उभा आहे. गोव्याच्या पोर्तुगिजांवर नजर ठेवण्यासाठी शिवाजी महाराजांनी तो १६७६ च्या सुमारास बांधविला आणि सिंहगडावर १६७० मध्ये धारातीर्थी पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांचा पुत्र रायबा याला त्याची किल्लेदारी दिली, असे परंपरा सांगते. ज्या रायबाचे लग्न बाजूला ठेवून बाप कोंढाण्यावर गेला, त्याच रायबाचे पुढे काय झाले, हे शाळेतला मुलगा कधी विचारीत नाही, आणि आम्हीही तीस वर्षांत कधी सांगितले नव्हते. त्याचे उत्तर येथे आहे. रायबा येथे आला, राहिला आणि त्याचा वंश येथेच वाढला. चंद्रसूर्य आहेत तोवर गड जागता ठेवा, अशी महाराजांची आज्ञा झाल्याचे गडकरी पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत. त्या आज्ञेला कागदाचा पुरावा मागत बसण्याचे कारण नाही. साडेतीनशे वर्षे लोक त्यानुसार वागले, हाच तिचा पुरावा.

वर पोचल्यावर आमच्यातील पोस्टमास्तर म्हणाले, “हा किल्ला नव्हे, हा तर गाव आहे!” खरोखरच तसे होते. आम्ही पाहिलेले बहुतेक किल्ले म्हणजे ढासळलेला तट, करवंदीच्या जाळ्या आणि रिकामी टाकी. येथे कौलारू घरे होती, अंगणात तुळस होती, परसात केळी होत्या, आणि कोणाच्या तरी घरात भाताला ऊत आल्याचा वास येत होता. पण बारकाईने पाहता, ओळीतल्या काही दारांना कुलपेही होती. माणसे पोटामागे मुंबईला, गोव्याला, बेळगावला गेली आहेत. गणपतीला आणि भवानीच्या उत्सवाला परत येतात.

भवानीच्या देवळात एक वृद्ध बाई समईत तेल घालीत होत्या. आम्ही पाया पडलो आणि विचारपूस केली. मुलगे दोन, एक मुंबईत, एक गोव्यात. दोघेही बोलावतात. “मग आजी, तुम्ही का जात नाही?” आमच्यापैकी कोणी विचारले. त्यांनी वात सारखी केली आणि म्हणाल्या, “दिवा लावाय कोनतरी पायजे न्हवं?”

यात त्याग केल्याचा आव नव्हता, की तक्रारही नव्हती. दूध तापवावे लागते, गुरे बांधावी लागतात, तसा दिवा लावावा लागतो. आम्ही आयुष्यभर ‘कर्तव्य’ या विषयावर निबंध तपासले. त्या शब्दाचा एवढा साधा अर्थ आम्हांला कोणी लिहून दाखविला नव्हता.

रात्री एका घराच्या पडवीत आमची पाने वाढली गेली : गरम भात, कुळथाचे पिठले, लसणाची चटणी. आमच्या भाकऱ्या पिशवीतच राहिल्या. कोजागिरी होऊन तीन दिवस झाले होते. चंद्र उशिरा वर आला आणि खालचे तिलारीचे खोरे दुधाने भरल्यासारखे दिसू लागले. घरमालकांनी विचारले, “मास्तर, तुमच्याकडं मराठी शाळा चालतात का अजून?” आम्ही म्हणालो, “चालतात.” “मुलं येतात?” “येतात, थोडी.” ते म्हणाले, “थोडी तरी येतात ना. मग उघडी ठेवा.” एवढे बोलून ते गोठ्याकडे वळले. त्या रात्री आम्हांला बराच वेळ झोप लागली नाही.

पहाटे कड्यावर उभे राहिलो तेव्हा खाली कोकणात धुके साचले होते, आणि त्यातून डोंगरांच्या सोंडा बेटांप्रमाणे वर आल्या होत्या. मग उतरलो आणि आलेल्या रस्त्याने माघारी निघून दुपारी शिनोळीजवळच्या देवरवाडीला पोचलो. तेथील वैजनाथाचे दर्शन घेऊन महिपाळगड चढलो. हाही वस्तीचा गड. तटाच्या आत नांदता गाव आहे आणि खडकात खोदलेली पायऱ्यांची मोठी विहीर आहे. चंदगड तालुक्यात गंधर्वगडावरही अशीच वस्ती आहे; शेजारचा कलानिधीगड मात्र निर्मनुष्य आहे. दोन्ही प्रकारचे गड पाहिलेल्याला फरक सांगावा लागत नाही. तट दोन्हीकडे ढासळतो. पण जेथे चूल पेटते, तेथे गडाला नाव, गाव आणि गोष्ट राहते. जेथे ती विझते, तेथे उरतात ते दगड, आणि आमच्यासारखे वर्षातून एकदा येणारे हौशी पाहुणे.

आम्ही पाहुणेच, हे त्या संध्याकाळी प्रथमच मनाला लागले. गडावर दोन दिवस घालवून त्याचे कौतुक करणे सोपे आहे. तेथे राहून रोज दिवा लावणे अवघड. भाषेचेही तेच. तिच्यासाठी सभा घेणारे, घोषणा देणारे पुष्कळ. सकाळी दहा वाजता शाळेचे कुलूप काढून, फळा पुसून, समोर बसलेल्या मोजक्या मुलांना ‘कमळ’ गिरवायला शिकविणारे थोडे. जे थोडे आहेत, त्यांतलाच एकजण खिशात कागद घेऊन हिंडत होता.

महिपाळगडाच्या माथ्यावरून अंधार पडताना बेळगावचे दिवे लागताना दिसतात. त्या लुकलुकणाऱ्या ठिपक्यांत आमची शाळा कोठे असावी, याचा अंदाज आम्ही बराच वेळ बांधीत होतो. निपाणीच्या स्नेह्यांनी विचारले, “हेडमास्तर, एवढे काय पाहता?” आम्ही म्हणालो, “काही नाही. उद्या शाळा उघडायची आहे.”

सोमवारी शाळा उघडली. पहिल्या तासाला आम्ही सातवीच्या वर्गावर गेलो आणि रायबा मालुसऱ्याची गोष्ट सांगितली. तानाजीची नव्हे, रायबाची. लढून मेलेल्या बापाची गोष्ट सर्वांना पाठ असते. टिकून राहिलेल्या मुलाचीही ठाऊक असावी. गोष्ट संपल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “सर, आपल्याजवळ असा गड नाही का?” आम्ही सांगितले, की येळ्ळूरचा राजहंसगड येथून जवळ आहे, आणि पुढच्या रविवारी ज्यांना चालायचे आहे त्यांनी भाकरी बांधून यावे.

नावे लिहून घेण्यासाठी कागद हवा होता. खिशात हात घातला तो घडी घातलेला अर्जच हाताला लागला. मागची बाजू कोरी होती. नावे बरीच निघाली. शेवटची तीन समासात लिहावी लागली.